पाहणीच्या बाई आणि सासूबाई

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलं तर झोपून राहा. मामींनी हाक मारली तर मात्र उठून बसा. इकडे आम्ही खुशाल. लाँड्रीत मला मुकादम केलंय (पूर्वी माझ्या चादरी मळक्या निघाल्या की बोलणी खायचो, आता सगळ्यांच्या वाटची खातो).

तुम्ही मला बखोटीला धरून व्यसनमुक्ती केंद्रात सोडलंत त्याला नऊ वर्षं झाली. तिथे वर्षभर राहून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय होतं याची पाहणी करणाऱ्या एक बाई दरवर्षी येतात, ऐंशी प्रश्न विचारतात आणि तपासणीला लघवीची बाटली भरून नेतात. यंदा नेमक्या सासूबाई आमच्याकडे मुक्कामाला. त्यांना माझ्या गर्दच्या दिवसांचं काहीच ठाऊक नाही, अशी आम्हा नवराबायकोची समजूत. म्हणून हिने विम्याच्या बाई येणार असल्याचं ठोकून दिलं आणि ऐनवेळी स्वतः दुकानात निघून गेली.

बाई आल्या आणि माझी पंचाईत झाली. सहा तांबे पाणी रिचवलं, नळ सोडून ठेवला, तरी नाही म्हणजे नाही! मी न्हाणीघरात ताटकळतोय आणि बाहेर सासूबाईंनी फॉर्मचा ताबा घेतलेला. दाराआडून सगळं ऐकू येत होतं.

"वागण्यात काही दोष?"

"ओला टॉवेल उशीवर टाकतो. वर्षभर ठेवून घेतलंत ना याला केंद्रात? मग एवढं शिकवता नाही आलं?"

माझ्या हातून बाटली निसटली (रिकामीच होती). बाहेर येऊन चाचरत विचारलं, तर म्हणाल्या, "लग्नाआधीच तुझ्या मामांनी सांगितलंय. म्हटलं, तू कधी तोंड उघडतोस बघू."

सात वर्षं, मामा! आणि तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. मी तिथेच ढसाढसा रडलो. मोकळं वाटलं, मग बाटलीचंही काम झालं.

आमच्या तुकडीतले चौतीस. बाईंना यंदा एकोणीस सापडले. दोघे तर कायमचेच गेले. हे ऐकल्यावर सासूबाईंनी मला न मागता दुसरा चहा दिला.

तुमचा,
भाचा

ता. क. बाई तुम्हालाही फोन करतील. दुसऱ्या वर्षी मी दोन महिने घसरलो होतो, ते लपवू नका.

आणखी एक. तुमचं सोन्याच्या पट्ट्याचं घड्याळ घर रंगवायला आलेल्या त्या रंगाऱ्याने नेलं नव्हतं. मी नेलं होतं. तुम्ही त्याला चोर ठरवून हाकललंत, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला त्याचा पत्ता हवा आहे. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. तुम्ही येऊ नका, मी एकटा जाईन. जुना शर्ट घालून जाईन. चिडलेल्या रंगाऱ्याच्या हाताशी रंगाचा डबा असतोच.