जराशी अंधारी

बाबा, मी तुमचं ऐकलं नाही, म्हणून आज धडधाकट आहे. हे वाचून तुम्हाला राग येईल, येऊ द्या. तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी धड भांडताही आलं नाही. बारा वर्षांची पोर भांडून भांडून किती भांडणार, फार तर सायकलीसाठी. आता तिशीला टेकलेय, स्वतःच्या पगारावर जगतेय, आणि तुमच्याशी भांडायला माझ्याकडे पहिल्यांदाच खरा मुद्दा आहे. मुद्दा पित्ताचा आहे.

आपल्या घरात पित्ताशिवाय दुसरा आजारच नव्हता. डोकं दुखलं की पित्त, झोप आली नाही की पित्त. आईला माहेरची, अकोल्याची आठवण येऊन तिने ताट बाजूला सारलं, तरी तुम्ही शांतपणे भाकर मोडत म्हणायचात, "पित्त चढलं तिले." रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत धने-जिऱ्याचं पाणी कायम झाकून ठेवलेलं असायचं आणि तुमच्या सरकारी दवाखान्याच्या कार्डावर मात्र धूळ बसलेली असायची. डॉक्टरकडे जाणं म्हणजे तुम्हाला आपला पराभव वाटायचा. मला ते तेव्हा फार रुबाबदार वाटायचं, हेही सांगून टाकते.

तो रविवार मला अजून लख्ख दिसतो. आपण भाजी घेऊन स्कूटरवरून परत येतोय, पिशवी माझ्या मांडीवर आहे, आणि बूढा तालाबाजवळ तुम्ही एकाएकी स्कूटर बाजूला घेता. उतरता, कठड्यावर बसता, डोळे चोळता. मग उजवा हात झटकत राहता, जणू त्याला काही चिकटलंय. मी विचारते काय झालं, तर तुम्ही माझ्याकडे बघता, पण तुमची नजर माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी लागते. "काहून घाबरून राहिली वं पोट्टे? जराशी अंधारी आली मले. हाताले मुंग्या आल्या. पित्त आहे." उसाच्या रसवाल्याने तुम्हाला पाहून रस आणून दिला. तुम्ही तो प्यालात, थोडा वेळ बसलात, मग माझ्या वेणीला हलकेच झटका देऊन म्हणालात, "पाह्य, झालं का नाही ठीक?" आणि किक मारलीत. घरी आईलाही तुम्ही तेच सांगितलंत, तिने धन्याचं पाणी वाढवलं, आणि आम्हा दोघींनाही ते पटलं. काही आठवड्यांनी तुम्ही ऑफिसात खुर्चीवरून पडलात, ते उठलाच नाहीत. पुढे इतकी वर्षं सगळे म्हणत राहिले, माणूस किती निरोगी होता, काहीच आजार नव्हता. मीही तेच म्हणत होते.

आता माझं ऐका. मी नवा रायपूरला शहराचे नकाशे करणाऱ्या एका ऑफिसात काम करते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी संगणकावर नकाशा उघडून बसले होते. जेवण झालेलं होतं, कँटीनचा चीला, म्हणजे तांदळाचं धिरडं, टमाटरच्या चटणीबरोबर पोटभर हाणलेला होता, हे मुद्दाम लिहितेय. समोर सिलतरा हे गावाचं नाव लिहिलेलं होतं आणि मला नुसतं 'सिल' दिसत होतं. बीरगावातलं 'बीर' शिल्लक होतं, गाव गेलं होतं. वाटलं, संगणक बिघडला. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या पोरीकडे पाहिलं, तर तिचाही अर्धा चेहरा नव्हता. काळं काही दिसत नव्हतं बाबा, तिथे काहीच नव्हतं. मी एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला. दोन्ही वेळा उजवीकडचं जग गायब. तेवढ्यात उजव्या हातातून माऊस निसटला. बोटं माझी होती, पण मला कळत नव्हती, आणि ओठ दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यासारखा जड झाला होता.

मी ओरडले नाही. ऑफिसातल्या सगळ्यांनी मात्र तुमचीच गादी चालवली. कोणी म्हणालं खाना नहीं खाया होगा, कोणी ग्लुकोज घोळून आणलं, साहेब म्हणाले जाकर थोड़ा लेट जाओ. शेजारच्या पोरीला मी म्हटलं, "चक्कर नाही येत आहे गं, मुझे आधा दिख ही नहीं रहा. चल, हॉस्पिटल." ती अमरावतीकडची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. "हव दीदी, चलो," म्हणाली आणि गाडीची किल्ली उचलली.

तेलीबांधा येईपर्यंत सगळं परत आलं. आधी हाताला मुंग्या आल्या, मग बोटं आली, मग दुकानांच्या पाट्या पुऱ्या झाल्या. मिठाईच्या दुकानाची पाटी मी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचली. तिने गाडी हळू केली. "अब तो ठीक हो ना दीदी? वापस चलें? चार बजे मीटिंग है." आणि बाबा, मला खरंच ठीक वाटत होतं. इतकं ठीक की लाज वाटायला लागली, उगाच तमाशा केला म्हणून. त्याच क्षणी तुमचा आवाज कानात आला, 'पाह्य, झालं का नाही ठीक?' मी तिला म्हटलं, "नाही. पुढे चल." तुमचं न ऐकण्याची माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली वेळ होती.

डॉक्टर माझ्याच वयाची बाई निघाली. आपण म्हणतो अंधारी, हिंदीत सांगितलं की ते 'आँखों के आगे अंधेरा' होतं, आणि समोरचा माणूस लगेच बीपी बघायला लागतो. तिनेही आधी तोच पट्टा गुंडाळला. मी म्हटलं, मॅडम, अंधेरा नहीं, दायीं तरफ का आधा गायब था, दोनों आँखों से, मैंने ढककर देखा. तिचा हात थांबला. मग तिने विचारलं, घर में किसी को ऐसा हुआ है? मी सवयीने नाही म्हटलं. मग बूढा तालाबाचा कठडा डोळ्यांसमोर आला आणि म्हणाले, "हाँ. पापा को." स्कूटर, हात, नजर, मग ऑफिसातली ती खुर्ची, सगळं सांगितलं. तिने तुमचं तेव्हाचं वय विचारलं, आणि ऐकून रक्ताच्या आणखी तपासण्या लिहिल्या.

तपासण्यांतून कळलं, रक्त लवकर गोठतं माझं. जन्मतःच तसं आहे, घराण्यातून आलेलं. त्या दुपारी छोटीशी गाठ मेंदूत अडकली आणि सुदैवाने विरघळली. ये चेतावनी थी, म्हणाली ती, और आपके पापा की भी शायद यही थी. आता रोज गोळी आहे, अधूनमधून तपासणी आहे, आणि बाकी मी नकाशे करते, स्कूटी चालवते, भांडते. तुमच्याकडून मला नाक आलं, राग आला आणि हे रक्त आलं. तिन्ही मी नीट सांभाळीन, काळजी करू नका.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे पित्त नव्हतं ते?" मी नाही म्हटलं. "आन् मी धन्याचं पाणी पाजून राहिली होती." मी तिच्याजवळ बसले, म्हटलं, आई, आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तिने जुडी माझ्याकडे सरकवली, तेव्हा मीही निवडायला घेतली.

हे लिहून झालं की आईला वाचून दाखवायचं असं ठरवलं होतं. आता नाही दाखवणार, कारण एक गोष्ट तिला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी तुमच्याबद्दल ते सांगितलं, त्या दिवशी मी घरी येऊन रडले असेन असं ती समजते. मी थेट घरी आलेच नव्हते. हॉस्पिटलसमोरच्या ठेल्यावर उभी राहिले आणि पोट फुटेस्तोवर गुपचुप, म्हणजे इथली पाणीपुरी, खाल्ले, "और तीखा करो भैया" म्हणत, डोळ्यांना धार लागेपर्यंत. ते पाणी तुमच्यासाठी नव्हतं, बाबा. मी उरले होते, आणि त्याचा मला फार आनंद झाला होता.