तीन व्होल्टचं व्याख्यान

६ जानेवारी, सोमवार
शाळेच्या शबाना मॅडम घरी आल्या. सहावीला, म्हणजे आमच्या नातीच्या, अर्पिताच्या वर्गाला, विजेचा परिपथ शिकवायचाय. म्हणाल्या, तुम्ही एकतीस वर्षं वीज ऑफिसात होता, प्रयोग तुम्हीच करून दाखवा. हो म्हणालो. मी बिलांच्या टेबलावर होतो हे सांगायचं राहून गेलं. त्यांनी तरी कुठं विचारलं? पुढचा गुरुवार ठरला. भीती अजिबात नाही. दुपारी जेवण गेलं नाही, ते वांग्यामुळे.

७ जानेवारी, सकाळी ६
अर्पिताचं पुस्तक गुपचूप वाचलं. एकसर जोडणी. सेल, कळ, बल्ब, सगळे एकाच वाटेवर एकामागं एक. एक बल्ब गेला की बाकीचेही विझतात. वाचून छातीत धडधडलं. पुस्तकवाल्यांनी मुलांसाठी जरा सौम्य लिहायला हवं.

९ जानेवारी
आकृती जमली. सेल म्हणजे दोन उभ्या रेघा, लांब अधिक, आखूड उणे. बल्ब म्हणजे गोलात फुली. वहीत अकरा परिपथ काढले. एकातही शॉक बसला नाही. विषयावर पकड आली.

११ जानेवारी, शनिवार
अन्वरभाईच्या दुकानातून सामान आणलं. दोन सेल, तीन टॉर्चचे बल्ब, होल्डर, एक कळ, वायर. सेल त्यानं उघड्या हातानं पुढं केले, मी रुमालात घेतले. म्हणाला, "काऊन साहेब, गरम आहेत का?" धूळ आहे म्हणालो.

१२ जानेवारी
झोप नाही. भागवत लाईनमन आठवत राहिला. सत्तावीस वर्षांचा. शॉक लागून खांबावरून पडून गेला, त्याचे कागद माझ्याच टेबलावर आले होते. नाव लिहिताना पेन दोनदा थांबलं. पण ती अकरा हजारांची लाईन, हे दोन सेल. फरक मला कळतो. अर्पिताला सकाळी विचारलं, सेलात जास्तीत जास्त किती वीज असते. दीड व्होल्ट म्हणाली. मी म्हणालो, तुझी परीक्षा घेत होतो.

१५ जानेवारी
सराव. पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट, हातात भांडी घासायचे मोजे. घरकामाची सोजराबाई दारातून बघून म्हणाली, "कोनाले करंट लागला?" घरातल्यांना शास्त्र समजावणं अवघड असतं. शेवटची तार जोडायची तेवढी राहिली. म्हणजे प्रयोग नव्वद टक्के यशस्वी.

१६ जानेवारी, गुरुवार, दुपारी ४
फळ्यावरची आकृती उत्तम. मॅडमनीही मान डोलावली. मग मोजे घालून जोडणी केली आणि पेन्सिलीच्या टोकानं कळ दाबली. बल्ब लागले नाहीत. मी सांगितलं, अमडापुरात दुपारी व्होल्टेज कमी असतं.
फिजा नावाची मुलगी उभी राहिली. "सर, एक सेल उलटा लागला." आणि सरळ येऊन तिनं उघडी बोटं सेलाला लावली. मी ओरडलो, हात लावू नको. तिचा हात धरून मागं ओढलं. टेबल हललं, खडूचा डबा पडला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
फिजानं हळूच हात सोडवून घेतला, सेल फिरवला, कळ दाबली. तिन्ही बल्ब लागले, मंद. मग तिनं मधला बल्ब काढला. उरलेले दोन्हीही विझले. ती मला समजावून सांगत होती, वर्गाला नाही. मॅडमनी मला पाणी दिलं.
मुलांसमोर धोक्याचं प्रात्यक्षिक झालं, हेही आवश्यकच होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार
शाळेतून आल्यावर अर्पितानं स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेच सामान मांडलं. मी म्हणालो, काल मला त्या मुलीची काळजी वाटली. ती म्हणाली, "हाव आबा." मग तार जोडता जोडता म्हणाली, "मले मालूम आहे ना. घरातला लाईट लावाले तुमी मलेच आवाज देता."
इतक्या वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं.
"दाबा कळ," म्हणाली. "मी आहे इथं." मोजे आणायला निघालो, तिनं जाऊ दिलं नाही. डोळे मिटून दाबली. उघडले तर तीन बल्ब लागलेले. माझ्या बोटाला काही नाही.
तिनं भीतीनं माझा हात धरून ठेवला होता. मुलंच ती. मग म्हणाली, "आबा, आता सोडा, दुखून राह्यलं." तेव्हा पाहिलं. हात मी धरला होता.