आमच्याच घराची वीज तोडण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता साहेब,
वीज ग्राहक विभाग, मालाड (पश्चिम)

विषय : भिंतींना प्लास्टर होण्यापूर्वी आमचा वीजपुरवठा तातडीने खंडित करण्याबाबत.

संदर्भ : आपले कनिष्ठ अभियंता श्री. भीमराज गमरे यांची आमच्या घरची भेट, जी आमच्या घरच्यांनी अभिनय समजून पाहिली.

महोदय,

१. मी खाली सही करणारी मढ गावात राहते. आमचे घर आजेसासऱ्यांनी बांधलेले असून सध्या त्याची दुरुस्ती चालू आहे. जुने प्लास्टर पाडल्यामुळे भिंतीतल्या वायरी उघड्या पडल्या आहेत. त्यांच्यावरचे कापडी वेष्टण हात लावताच भुगा होऊन गळते. वायरी आत्ताच बदलाव्यात, असे माझे म्हणणे आहे. माझे पती ब्रेंडन म्हणतात, हात लावायचा नाही.

२. कारण असे की, आमचे घर भुतांच्या मालिकांना शूटिंगसाठी भाड्याने जाते. हॉलमधला दिवा कुणी न सांगता आपोआप लुकलुकतो, याचे निर्मात्यांना फार कौतुक आहे. "नवीन वायर टाकली की भूत गेलं, आणि भूत गेलं की भाडं पण गेलं," असे पतींचे मत आहे. प्लास्टर पाडलेल्या भिंती आणखीच छान दिसतात म्हणून दुरुस्तीतही शूटिंग चालूच आहे.

३. निर्णय जाणकाराने द्यावा म्हणून मी आपल्याकडे तक्रार केली. श्री. गमरे नेमके शूटिंग चालू असताना आले. भिंतीला टेस्टर लावून ते ओरडले, "मेन बंद करा आधी! मराल सगळे!" दिग्दर्शकाने त्यांना, छान आहे, फक्त जरा कॅमेऱ्याकडे बघून बोला, असे सुचवले. त्यावर गमरे साहेब खरोखरच चिडले, आणि टाळ्या पडल्या. मेकअपवाल्याने त्यांचा घाम टिपून पावडर लावली. हे खरे साहेब आहेत, असे मी जीव तोडून सांगत होते. उलट मलाच फ्रेमच्या बाहेर उभे राहण्यास सांगण्यात आले. 'वायरिंग धोकादायक' असा त्यांनी लिहून दिलेला कागद सेटच्या सामानाबरोबर टेम्पोतून गेला. पती अजून म्हणतात, "काय झकास काम केलं यार त्या माणसाने!"

४. महोदय, हसू आले तर जरूर हसावे. पण माझी मुलगी जोआना पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येते आहे आणि तिची खोली त्याच भिंतीला लागून आहे. तिथल्या स्विचचा झटका मी स्वतः खाल्ला आहे. मला भीती वाटते. सोमवारी गवंडी प्लास्टर चढवणार. मग ती वायर कुणी बाहेर काढणार नाही.

५. सबब, वायरी बदलून आपली तपासणी होईपर्यंत आमचा पुरवठा तोडावा. मीटर माझ्या नावावर आहे, त्यामुळे पतींना विचारण्याची गरज नाही. मीटर फाटकाजवळच आहे. आपल्या माणसाने घरात अजिबात येऊ नये, आल्यास त्याला भूमिका मिळेल. पतींना पंख्याशिवाय झोप लागत नाही आणि सध्या मे महिना आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच इलेक्ट्रिशियनला फोन करतील, याची मी लेखी हमी देते.

आपली, वेळेवर बिल भरणारी ग्राहक,

(सही)
सौ. पेट्रिशिया ब्रेंडन किणी
मढ, दि. ८ मे २०२५