तुमची दुपारची झोप

आबा, वैशाखातली दुपार आहे आणि मी माझ्या घरी, झोपाळ्यावर बसून तुम्हाला लिहितो आहे. माझं घर म्हणजे नारायण पेठेतलं. तुमच्या वेळी इथे बोरीबाभळी होत्या आणि पालखी नेताना पायात काटे मोडायचे, तीच जागा. लिहिता येतं मला आता. दुकानात कारकून ठेवला, तो काय लिहितो ते कळावं म्हणून आधी वाचायला शिकलो आणि मग हातही वळला. ओटीच्या दाराला वाळ्याचा पडदा सोडलाय. तासाभरापूर्वी त्यावर पाणी मारलं, त्याचा वास अजून घरभर आहे. माठात वाळ्याची जुडी आहे, तुमच्या सुनेने पन्हं करून ठेवलंय, आणि ओंजळभर मोगरा पाण्यात टाकून फुलपात्र माझ्या उशाशी आणून ठेवलंय. कात्रजच्या तळ्याचं पाणी नळांतून पेठेच्या हौदात येतं, ते इथे बसून ऐकू येतं. तुम्हाला इथे आणून बसवलं असतं तर तुम्ही आधी झोपाळ्याच्या पितळी कड्या हातात धरून पाहिल्या असत्या आणि म्हणाला असता, "ह्याला भोई न्हाईत, तरी हालतंय की." मग एका पन्ह्याला तुम्ही अख्खी दुपार लावली असती. मी ते उभ्याउभ्या पितो.

तुमच्या मागे मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही पालखीच्या पुढच्या दांडीला आणि मी मागच्या, असे आपण किती वर्षं चाललो. मागच्या भोयाला रस्ता दिसत नाही. तुम्ही पुढून "दगड हाय", "डावीकडं वल हाय", "चढ लागला" असं म्हणायचात आणि त्या आवाजावर मी पाय टाकायचो. माझे कान तिथे तयार झाले. रस्ता ऐकता ऐकता पालखीच्या आतलंही ऐकू यायला लागलं. पालखीत बसणाऱ्याला वाटतं की खालच्यांना नुसते खांदे आहेत. त्यामुळे तो मनात येईल ते बोलतो. कोणाला उकडतंय, कोणाला कसली चिंता आहे, कोणाच्या घरी पाहुणे येणार आणि त्यांना काय कमी पडणार, सगळं मला कळायचं. तुम्ही मात्र आतलं काही ऐकायचा नाहीत. तुम्हाला दगड पुरायचे.

कात्रजच्या घाटातली ती दुपार आठवते का? एका बड्या घरचे म्हातारे कारभारी आत होते. वडाखाली आपण पालखी टेकवली. तुम्ही डोक्याचं मुंडासं सोडलं, गुंडाळी करून उशाला घेतलं, पाठ जमिनीला लावली, एक गुडघा उभा केला, हात पोटावर ठेवला आणि तीनदा लांब श्वास सोडून "हाऽ" म्हणालात. दरवेळी हाच क्रम. तिसऱ्या "हाऽ"नंतर तुम्ही घोरायला लागायचात. बाकीचे भोई हसायचे, "म्हातारा आला घरी." कारभाऱ्यांनी पडदा सारून तुमच्यावर तोंड टाकलं होतं, "अरे, आम्ही जागे आणि तू झोपतोस? काही रीत आहे की नाही?" तुम्ही अर्धवट डोळे उघडून म्हणालात, "सरकार, वजं उतरवलं की उतरवायचं. आपुन बी उतरा." आणि परत झोपलात.  आता आपली पालखी गेली, असं मला वाटलं.  पण कारभारी पडदा तसाच हातात धरून तुमच्याकडे बघत बसले. त्यांच्या अंगाखाली मखमलीची गादी, लोड, तक्के, शेजारी अत्तराची कुपी, सगळं होतं. किती वेळ बघितलं कोणास ठाऊक. मग स्वतःशीच, अगदी ओठांत म्हणाले, "काय भाग्य आहे लेकाचं." हे तुम्ही ऐकलं नाहीत. मी ऐकलं. आणि तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला त्यात धंदा दिसला होता.

मला वाटलं, या माणसांना आबांची झोप हवी आहे. ती विकता येईल. सुरुवातीला मी पालखीच्या पडद्यांना ओल्या वाळ्याच्या जुड्या बांधून दिल्या. मग दारांचे पडदे, मग पंखे, मग माठ, बाजा, चटया. आज पुण्यात कोणाच्या घरी दुपार थंड करायची असेल तर मला बोलावणं येतं. वाळेवाले शेट म्हणतात मला. उन्हाळ्यात मोठी घरं नदीकाठच्या बागांत मुक्कामाला जातात, तेव्हा तंबू कुठे, बाज कुठे, पाणी कुठून आणायचं, हे मी ठरवतो. लोक पडद्याचा वास घेऊन डोळे मिटतात आणि म्हणतात, शेट, स्वर्ग आहे हो. मी हात जोडतो आणि पुढच्या घरी जातो. स्वतः मात्र दुपारी कधी पडलो नाही. पडलो तरी कान चालूच. गल्लीत कोण काय बोललं, कुठला माठ पाझरतोय, कोण कोणाकडे चाललंय. तुमच्या सुनेने एकदा विचारलं, "अहो, आपण जगाला झोपवता, आपण कधी झोपणार?" मी म्हटलं, "दुकान बंद झाल्यावर." ती म्हणाली, "म्हणजे सरणावर." पुण्याचीच ती.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो.

एक सरदार आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. त्यांच्या मातुःश्रींची झोप गेली. दिवसा नाही, रात्री नाही. अन्न तुटलं, डोळे खोल गेले. वैद्यबुवांनी सरदारांना बाजूला घेऊन सांगितलं की औषधाचं काम संपलं, आता झोप आली तरच आईसाहेब राहतील. सरदार आईवेडा माणूस. त्यांनी सगळा लवाजमा उचलला आणि खडकीच्या पलीकडे नदीकाठच्या आमराईत मुक्काम हलवला. मला बोलावलं. म्हणाले, "शेट, जे लागेल ते घ्या, पण आईला झोप लागली पाहिजे." विनवणीचा आवाज होता तो. लढाईवर जाणारा माणूस असा बोलत नाही.

मी माझी सगळी विद्या लावली. चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे सोडले. नदीवरून वारा येतो त्या अंगाला बाज ठेवली, नवी नवार, त्यावर मऊ दुलई. पडद्यांवर पाणी शिंपडायला माणसं, पंख्याला माणसं, पाय दाबायला बायका. कैऱ्या पिकत आल्या होत्या, तो वास. मी स्वतः आत जाऊन उभा राहिलो आणि मनात म्हटलं, आबा, तुम्ही सुद्धा याहून चांगली जागा शोधली नसती. आईसाहेब आडव्या झाल्या. डोळे मिटले. आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता ना. जाग्या माणसाचा श्वास. सगळी दुपार तसाच. दुसऱ्या दिवशी मी बाज हलवली, पडदे दुप्पट केले. तोच श्वास. तिसऱ्या दिवशी सरदारांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

त्या घरची रीत अशी की आईसाहेबांचा डोळा लागेपर्यंत कोणी बसायचं नाही. सरदारांनीच घालून दिलेली, आईच्या मानासाठी. ते स्वतः पडद्याबाहेर उभे राहायचे, हात जोडून, उन्हात. मग कोण बसणार? सरदारांचे कारभारी उभे, वैद्यबुवा उभे, पंखेवाला उभा, बायका उभ्या, मीही उभा. तिसऱ्या दुपारी मी पडद्याला लागून होतो. आईसाहेबांनी कूस बदलली आणि पडद्याकडे तोंड करून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "उभी आहेत सगळी. पोरगा उन्हात उभा आहे. उभ्या माणसांत झोप येते होय?" मुलाला कसं सांगणार त्या? तो मान देत होता. तो मान त्यांच्या छातीवर बसला होता. आणि मी, जन्मभर लोकांची कुजबुज ऐकून धंदा केलेला माणूस, मला तीन दिवस हे दिसलं नव्हतं. तेव्हा मला तुमचाच आवाज ऐकू आला, "वजं उतरवलं की उतरवायचं."

मी सरदारांकडे गेलो. म्हटलं, "सरकार, सगळ्यांना बसायला सांगा. आपणही बसा." कारभारी तिथेच होते. म्हणाले, "शेट, वाळा डोक्यात गेलेला दिसतो. थोडं डोक्यावरही पाणी मारून घ्या." मी म्हटलं, "मारतो. आधी आपण बसा."  सरदार म्हणाले, "आईपुढे बसायचं?" मी म्हटलं, "आईपुढेच तर माणूस बसतो, सरकार." त्यांनी हाताने बसा अशी खूण केली आणि माणसं बसली. पण कशी बसली म्हणता? दरबारात बसावं तशी, पाठ ताठ, हात गुडघ्यावर, नजर आईसाहेबांच्या बाजेकडे. बसलेली असूनही उभीच होती सगळी. सरदार तर बसलेच नाहीत, एक पाऊल मागे सरले एवढंच. आतला श्वास तोच.

मग मी पडदा वर बांधला. आईसाहेबांना दिसेल अशा आंब्याखाली गेलो. पागोटं काढलं. आबा, आईसाहेबांसमोर बोडक्या डोक्याने. पंखेवाल्याच्या हातातला पंखा थांबला. कारभारी दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, हे काय." मी पागोटं उशाला घेतलं, पाठ टेकवली, गुडघा उभा केला, हात पोटावर ठेवला. मातीचा गारवा पाठीला लागला आणि मला आठवलं की तो गारवा किती वर्षांत लागला नव्हता. एक "हाऽ" सोडला. वर पानांतून ऊन हलत होतं. दुसरा सोडला. तिसरा.

नंतर कोणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. सरदार होते. ओठांवर बोट ठेवून माझ्याशेजारी मातीतच बसले होते. ऊन झाडाच्या दुसऱ्या अंगाला गेलं होतं. मी उठून बसलो आणि जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. सगळी आमराई झोपली होती. पंखेवाल्याच्या तोंडावर पंखा पडला होता. कारभारी बुंध्याला टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते, त्यांच्या मिशीवर मुंगी चालत होती. वैद्यबुवांनी आपली औषधांची पेटी उशाला घेतली होती. बायका एकमेकींच्या मांडीवर. भोई आपल्या पालख्यांच्या सावलीत, हे नेहमीचंच. आणि मध्ये बाजेवर आईसाहेब, एक हात बाहेर लोंबता टाकून. कान देऊन ऐकलं. झोपल्या होत्या. मी देवळं पाहिली आहेत, पर्वतीवरून दिवाळीचं पुणं पाहिलंय, फौजा निघताना पाहिल्या आहेत. पण असं काही पाहिलं नव्हतं. एवढी माणसं आणि कोणीच कोणासाठी काही करत नव्हतं. सरदारांच्या डोळ्यांना धार लागली होती. तसेच बसून राहिलो आम्ही दोघं. ते सरदार आहेत आणि मी भोयाचा मुलगा, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात नव्हतं.

दिवेलागणीला आईसाहेब उठल्या. पहिलं काय विचारलं असेल? "घोरत कोण होतं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, लाजता काय. बरं वाटलं ऐकून. वाटलं, चला, घरात कोणीतरी निवांत आहे." मग मऊ भात मागितला, वर मेतकूट आणि तूप. दुसऱ्या दिवसापासून आमराईत कोणी उभं राहत नाही. वैद्यबुवा म्हणतात, धोका टळला.

सरदारांनी मला शेला दिला. गावात बोलबाला झाला की वाळेवाल्याने काय युक्ती काढली, झोपेचं सोंग आणून आईसाहेबांना फसवलं. कारभारी सुद्धा आता मला रस्त्यात थांबवून विचारतात, "शेट, ते घोरणं शिकवाल का?" मी हसतो. हे पत्र तुमच्यापर्यंत नेणारा जासूद काही पुण्यात मिळायचा नाही. घडी करून पानाच्या डब्याखाली ठेवीन, वाऱ्याने उडू नये म्हणून. पण जे गावाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. युक्ती होती खरी. डोळे मिटून पडायचं आणि कान उघडे ठेवायचे, आईसाहेबांचा श्वास बदलला की ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. आबा, मी काहीच ऐकलं नाही. तिसऱ्या "हाऽ"नंतर मला झोप लागली होती.