संयमसाठी घेतलेलं टिग मशीन

१२ सप्टेंबर २००५, सोमवार

जेवताना संयम म्हणाला – पप्पा, मला दीक्षा घ्यायची आहे. जणू लोणचं वाढा म्हणतोय! चंचलचा, त्याच्या आईचा, हात पोळीवरच थांबला. मी म्हटलं, आधी जेव.

चातुर्मासाला महाराज साहेब आमच्या जैन स्थानकात आल्यापासून हा रोज व्याख्यानाला जात होता. मला वाटलं, बरं आहे, टीव्हीपुढे लोळण्यापेक्षा. आता कळलं! कार्तिकी पौर्णिमा झाली की महाराजांचा विहार, पायी पुढच्या गावाला. त्यांच्याबरोबर निघायचं म्हणतो. आई-बापाची लेखी आज्ञा लागते. बावीस वर्षांचा एकुलता एक पोरगा! सही करणारा दुसरा बाप शोधावा त्याने.

१३ सप्टेंबर

गिऱ्हाइकाला एका कुकरवर दुसऱ्याच कुकरचं झाकण दिलं. तो परत आला. वर मीच त्याच्यावर डाफरलो.

१८ सप्टेंबर, रविवार

रविवार म्हणजे घरामागच्या शेडमध्ये आम्ही बाप-लेक. भांड्यांचं दुकान पोटासाठी, शेड जिवासाठी. आज स्टीलच्या किटलीला नवी तोटी लावायला गेलो. जुन्या आर्क वेल्डिंग मशीनने हे एवढं भोक पाडलं! संयम खो-खो हसला. सोमवारपासून पहिल्यांदा.

आणि डोक्यात आलं. दोन वर्षं तो टिग वेल्डिंगचं मशीन मागतोय. पातळ स्टीलला तेच हवं. मी टोलवत आलो – हौसेला मोल नाही म्हणतात, पण ते द्यायला बाप लागतो! साधूला धातू चालत नाही. शिवायला सुई मागून आणली तरी दिवस मावळायच्या आत परत करावी लागते. आणि या पोराचा जीव तर लोखंडात. मशीन घरात आलं की पाय निघेल कसा?

म्हटलं, घेऊन टाकू टिग. चेहरा उजळला त्याचा! आमिष? असू दे आमिष.

२५ सप्टेंबर, रविवार

आळेफाट्याला समाधानच्या वर्कशॉपमध्ये गेलो. डेअरीच्या दुधाच्या टाक्या जोडतो तो. मशीन केवढं, कपाटाएवढं! 'शेट, ह्ये घरच्या लाइनीवर न्हाई चालायचं. थ्री फेज लागंल. तुमी इन्व्हर्टरवालं बघा, पेटीवानी असतंय.' मग काम करून दाखवलं. ना ठिणग्या, ना तडतड. एका हातात वेल्डिंगचा टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार, आणि सांधा असा की बोट फिरवत बसावं. वर सूचनाही – 'पंखा लावायचा न्हाई बरं का. वारं लागलं की सांध्यावरचा गॅस उडतोय, मग सांधा काळा पडलाच.'

संयमने विचारलं, नवशिक्याला किती दिवस लागतात? समाधान म्हणाला, 'नवशिक्या कोण? तुझा हात तर बसल्यालाच हाय की.' संयमने माझ्याकडे बघितलं. मला बरं वाटलं. मन लागतंय त्याचं.

२ ऑक्टोबर, रविवार

काल पुण्याला जाऊन आलो. दोन मशीनं होती. एक मोठं – त्यावर ॲल्युमिनियमही जोडता येतं. मला तेच हवं होतं, घ्यायचं तर झकास घ्यावं! संयमने छोट्याचाच हट्ट धरला. 'पप्पा, ॲल्युमिनियमचा नाद नको. तुम्हाला स्टीलच लागतं. याला बटणंही कमी आहेत.' डोळे सांभाळायला आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट पाहिजेच म्हणाला. एकेक हेल्मेट माझ्याच डोक्यावर चढवून बघितलं – चष्मा आत बसतो का, मान अवघडते का. दुकानदार हसत होता. आर्गॉन गॅसचं सिलेंडरसुद्धा अर्ध्या उंचीचं घेतलं, मोठं एकट्याला हलत नाही म्हणे.

शाळकरी पोरासारखा रमला होता. येताना जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. मी नारायणगावपर्यंत हललो नाही.

चंचल म्हणाली – मशीन आणलंत, पण त्याच्याशी बोललात का? मी म्हटलं, बोलायचं काय त्यात? बघ तू, कुठे जात नाही तो!

९ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर लोडशेडिंग. वीज आली तर अंधार पडल्यावर! मशीन सुरू केलं, तर त्या प्रकाशाला बघता बघता पंखवाले किडे जमले. संयमने झटकन बटण बंद केलं. टेबलावर काही तडफडत होते. मऊ कुंच्याने एकेक उचलून बाहेर नेऊन ठेवला.

मी ओरडलो – दिवसा वीज नाही, रात्री तुझा धर्म आडवा! मग चालवायचं कधी? म्हणाला, दिवसा येईल तेव्हा. आवाज चढवत नाही, तेच जास्त लागतं मला.

१६ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी दोन तास वीज. टॉर्च माझ्याच हातात दिला. त्याच्या टोकाची टंगस्टनची सुई वितळलेल्या रसात बुडते, काळी पडते, की पुन्हा घासा. नऊ-दहा वेळा घासली. वैताग! 'मनगट टेबलावर टेका, पप्पा. घाई नको.' मी म्हटलं, तू कर की. म्हणाला, मला येतंच.

१ नोव्हेंबर

दिवाळी. महिनाभरात दीक्षेचं नाव नाही काढलं त्याने. मीही नाही काढलं. कशाला उगाच झोपलेल्याला जागं करा?

१३ नोव्हेंबर, रविवार

जमलं! किटलीची तोटी बसली. पाणी भरून उलटीपालटी केली, थेंब नाही! संयमने सांध्यावरून बोट फिरवलं, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. या घरात असं कोणी करत नाही. मी माझ्या वडिलांच्या फक्त पाया पडलो. डोळे भरून आले, बरं झालं हेल्मेट होतं.

परवा पौर्णिमा. जिंकलो मी.

१४ नोव्हेंबर

समाधान दुकानात आला होता. कढई घेतली. निघताना सहज म्हणाला, 'शेट, मी रविवारी येत जाईन तुमच्याकडं. संयमभाऊ सांगून गेलाय. दिवाळीच्या आधीच आला व्हता. म्हनला, पप्पा एकटे पडतील. मशिनचं काय अडलं तर बघत जा.'

मी मान हलवली.

छोटं मशीन. कमी बटणं. माझ्या मापाचं हेल्मेट. एकट्याला हलेल असं सिलेंडर. मूर्ख, मूर्ख, मूर्ख! मी त्याला बांधायला मशीन घेतलं, त्याने ते माझ्यासाठी निवडलं. एवढं ठरवून बसलाय तर कुठल्या तोंडाने अडवू?

१५ नोव्हेंबर, पौर्णिमा

सही केली. कागद त्याने मागितला नव्हता, मीच आणायला लावला. चंचलनेही केली. ती कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग आत गेली.

संयमने विचारलं – नक्की ना, पप्पा? मी म्हटलं, हो.

१७ नोव्हेंबर

काल पहाटे महाराजांबरोबर निघाला. गावाबाहेर पुलापर्यंत मी सोबत गेलो. तिथे पाया पडला, आणि उठताना म्हणाला – 'पप्पा, मला वाटलं होतं, एकदा तरी "जाऊ नको" म्हणाल. थांबलो असतो.'