बारकीचं माप

३ मार्च

ती. ताईस,
बारकीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सलूनमध्ये दिवसभर हात वर करून केस कापायचे आणि घरी येऊन पाठ टेकायची, एवढंच चाललं आहे. मान आखडते, छातीखाली पुरळ उठतं. शेवटी ऑपरेशन करून छाती लहान करून घ्यायचं ठरवलं. व्रण कायमचे राहतात, संवेदना कमी होऊ शकते, पुढे मूल झालं तर दूध पाजता येईलच असं नाही, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं.

पण एक घोळ झाला. गेल्या वर्षीचं माप विचारलं, तेव्हा तू मला सांगितला होतास तो आकडा मी दिला. त्यांनी टेप लावली तर चार इंच जास्त. वर्षात इतकी वाढ कशी, आधी कारण शोधू, वाढ थांबल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं म्हणाल्या. तुझ्या शिवणाच्या वहीत माझी सगळी मापं आहेत. कधीपासून वाढलं ते बघून कळवशील का?

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझी बारकी

१४ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

गणवेशांचं काम अंगावर आलं आहे, वही कुठल्या ढिगात गेली देव जाणे. आणि धडधाकट अंगावर सुरी कशाला? तुझ्याकडे बघून कुणाला काही कळतं तरी का? कपड्यात सगळं झाकलं जातं; माझी शिलाई काय झोपा काढते? फारच झालं तर छाती नुसती उचलून घेतात म्हणे, तेवढं कर. काळजी वाटते म्हणून बोलते.

जेवत जा. माया आहे तशीच असू दे.
ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारून आले. उचलून घेतात त्यात सैल कातडी काढतात, वजन तसंच राहतं. परवा बोटं बधिर झाली आणि गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. मालकीणबाईंनी कात्री काढून घेऊन मला गल्ल्यावर बसवलं. तपासण्यांत काही निघालं नाही, तरी वाढ थांबते का ते बघायला आता वर्षभर थांबायचं म्हणतात. रोज आंघोळीला चाचपून बघते, आज किती वाढलं. भीती वाटते ताई, आणि फार थकले आहे.

आठवण ठेव.
बारकी

५ एप्रिल

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

वही हरवली नव्हती, मशीनच्या खणातच होती. तुला कसलाही रोग नाही. तेराव्या वर्षी तुझं पहिलं माप घेतलं, तेव्हा आकडा ऐकून तू रडलीस. आई गेलेली, मी एकोणीसची. तेव्हापासून तुला कमी सांगायचे आणि कपडा खऱ्या मापानं बेतायचे. गेल्या दहा वर्षांत अर्धा इंचही वाढलेलं नाही. खऱ्या मापांची नक्कल सोबत आहे, डॉक्टरीणबाईंना दाखव.

हे लिहायला महिना घेतला, कारण हे कळलं की तू ऑपरेशनला जाणार हे दिसत होतं. चुकलं माझं. तुझं दुखणं इतकी वर्षं मीच झाकत आले.

नंतर हात वर करता येणार नाहीत, म्हणून पुढून उघडणारे दोन गाऊन शिवलेत. घेऊन येते, पंधरा दिवस राहीन. राग काढायचा तो तेव्हा समोर काढ, पण मला तोडू नकोस.
ताई

ता. क. माझं स्वतःचं मापही मी वहीत कधी खरं लिहिलेलं नाही. पंचेचाळिशीत हे करतात का, डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव.