एक्कावन्नावी प्रत

ईट, ता. भूम
१८ जानेवारी २०२५

प्रिय हर्षाली,

तू मजेत असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. इकडं आम्ही बरे आहोत. थंडी आहे, हुरडा झालाय, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी पुठ्ठ्याचा एक किल्ला आणि एक झाड रंगवून दिलं. झाड बरं जमलं. किल्ला मुख्याध्यापकांना आवडला, म्हणजे जमला नसणार.

पत्र लिहितेय कारण तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसत्या निळ्या खुणा येतात. कागदाला निदान ब्लॉक करता येत नाही.

त्या दिवशी तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून झालं ते एकदा सरळ लिहून काढते. ‘खव्याची भट्टी’ हा माझा लाकडात चित्र कोरलेला ठसा. त्याच्या पन्नास प्रती काढायच्या, त्यानंतर ठसा चर मारून रद्द करायचा, आणि तू पुण्यात प्रत्येक प्रत सहा हजाराला विकायची, असं आपलं ठरलं. तू प्रत्येकाला सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र दिलंस की पन्नासच आहेत, पुढं निघणार नाहीत. आणि मी एक्कावन्न काढल्या.

विकायला नव्हे. चित्रातली कढईपाशी बसलेली बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या विठामावशी. चौदा दिवस मी त्यांच्या भट्टीवर वही घेऊन बसत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे कशाला. पन्नासावी प्रत वाळत टाकली आणि शाई उरली होती. आपल्याकडं आहेरसुद्धा कुणी पन्नासचा देत नाही, शून्यावर हात थांबवत नाहीत. म्हटलं, वरची एक मावशींची. काढली, पेन्सिलीनं खाली ५१/५० लिहिलं, सही केली, काच लावून त्यांना देऊन टाकली. तू फोनवर विचारलंस, “एकूण किती?” मी म्हणाले पन्नास. आहेरातला वरचा रुपया कुणी मोजतं का? मला ते खोटं वाटलंच नाही. ५१/५० असं लिहिणारी बाई चोरी करत नसते गं, ती नुसती बावळट असते.

पुढचं तुला माहीत आहे. मावशींच्या रणधीरनं आईचा त्या चित्राखाली बसवून फोटो काढला, कुणीतरी तो पुढं पाठवला, आणि सोलापूरच्या डॉक्टर कृष्णराजांनी आकडा मोठा करून बघितला. त्यांच्याकडं सातवी प्रत. ती त्यांनी तुझ्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारलं, “मॅडम, एक्कावन्न आहेत म्हणजे आणखी किती असतील?” तू पैसे परत केलेस. मला म्हणालीस, “माझी सही होती शिवकन्या, तुझी नाही.” ते खरंच आहे.

आता तुझी अट. एक्कावन्नावी परत आणून फाडायची आणि तसा फोटो पाठवायचा, मगच नऊ मार्चला माझ्या नव्या ठशांचं प्रदर्शन. केलं. मी मावशींकडं गेले, चित्र घेऊन आले. मावशी काही बोलल्या नाहीत. फाटलेल्या प्रतीचा फोटो सोबत आहे, कोपऱ्यात आकडा दिसेल. ठशावर छिन्नीनं आडवी चर मारली आहे, त्याचाही फोटो आहे.

झालं एवढंच. काकांना नमस्कार सांग.

तुझी
शिवकन्या


ईट
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय हर्षाली,

तुझं पत्र पोचलं आणि पाठोपाठ फोनही आला, त्यामुळं या पत्राला तसं कारण नाही. चार वर्षांच्या धंद्यात नव्हे, वीस वर्षांच्या ओळखीत तू पहिल्यांदा “चुकलं माझं, जास्त बोलले” म्हणालीस. ऐकायला बरं वाटलं. त्यानंतर दिवसभर बरं वाटलं नाही.

नव्या सहा ठशांच्या प्रत्येकी तीस प्रती तयार आहेत. प्रत्येक प्रत मोजून, वहीत लिहून, वर जाड कागद घालून ठेवली आहे. या वेळी वर एक नाही. खाली एकही नाही.

एक विनंती. प्रदर्शनाच्या पत्रकात तू फाटलेल्या प्रतीचा फोटो छापणार म्हणालीस, “आम्ही शब्द पाळतो” असं वर लिहून. तो छापू नकोस. चांगला दिसत नाही. उजेड नीट नव्हता.

मावशींचं विचारलंस. भेट नाही. मी हल्ली खवा भूमहून आणते. शाळेवरून येताना सोयीचं पडतं.

तू डॉक्टरांना तो फोटो दाखवलास आणि ते आपली सातवी प्रत परत घ्यायला तयार झाले, हे कळलं. त्यांना जरा थांबायला सांग. का ते सांगते नंतर.

तुझी
शिवकन्या


ईट
२० फेब्रुवारी २०२५

हर्षाली,

‘प्रिय’ लिहिलं नाही. हे पत्र वाचून झाल्यावर तुझं तू ठरव.

फोटोत फाटलेला कागद एक्कावन्नावा नव्हता. शाई फाकलेली एक वाया गेलेली छाप होती माझ्याकडं. तिच्यावर मी पेन्सिलीनं ५१/५० लिहिलं, सही केली आणि मग फाडली. म्हणजे पहिल्यांदा बावळटपणा होता, या वेळी लबाडी. ठशाचं मात्र खोटं बोलले नाही, त्यावर चर मारली आहे.

खरी फाडायला घेतली होती. काच काढली, कागद हातात धरला. मधोमध फाडायचं तर ते मावशींच्या नाकावरून फाटणार होतं. कडेनं फाडावं तर त्यांचा हात जाणार होता. मी तो कागद उलटसुलट धरून बघत बसले, शिंप्यानं कापड बघावं तसं, आणि मग ट्रंकेत ठेवून दिला. मला माझ्या चित्राची माया आली असं समजू नकोस. मला लाज वाटली.

लाज कशाची ते सांगते, कारण पहिल्या पत्रात मी ते चार शब्दांत उरकलं. “मावशी काही बोलल्या नाहीत.” त्या का बोलल्या नाहीत? कारण मी त्यांना काही विचारलंच नाही. मी घरात गेले, म्हणाले, “मावशी, चित्र जरा न्यायचंय, गडबड झालीय.” त्या कढईपाशी होत्या, दूध लागायला आलेलं, उलथणं सोडता येत नव्हतं. मी स्टूल ओढलं, चित्र उतरवलं आणि निघाले. चार वर्षं जे चित्र त्यांच्या भिंतीवर होतं ते न्यायला मला चार मिनिटंही लागली नाहीत. दारात त्यांनी एवढंच विचारलं, “पुना आनशील न्हवं?” मी हो म्हणाले. फाडायला नेत असताना हो म्हणाले.

तुझ्या फोननंतर मला ते झेपेना. तू माफी मागत होतीस आणि मी घेत होते. गेल्या रविवारी चित्राला पुन्हा काच लावली आणि गेले.

भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मावशी म्हणाल्या, “खिळा मोकळा बरा दिसत न्हाय.”

मी सगळं सांगितलं. पन्नास, एक्कावन्न, डॉक्टर, तुझी सही, खोटा फोटो. त्यांनी मध्येच थांबवून एकच विचारलं.

“त्या डाक्टरच्या घरातलं उचलून आनलंस का?”

“नाही मावशी. त्यांनी विकत घेतलेलं.”

“आन् बाकीच्या जनांचं?”

“त्यांनीही विकतच घेतलंय. त्यांचं कसं आणणार?”

“मंग माझंच कसं आनलंस?”

उत्तर त्यांनीच दिलं. “फुकट दिल्यालं हुतं म्हनून. ज्यांनी पैकं मोजलं त्यांला इचारावं लागतंय. जिचं त्वांड हाय तिला इचारायचं काम न्हाय.”

रागानं नव्हे गं. रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. खवा हलका आहे हे गिऱ्हाइकाला ज्या आवाजात सांगतात त्याच आवाजात सांगितलं.

मी म्हणाले, “मावशी, हे चित्र तुमचंच आहे, ठेवून घ्या.” म्हणाल्या, “न्हाय. आता फुकट न्हाय घ्यायची. कितीला इकलं लोकांला?” रणधीर मागं उभा होता, तो म्हणाला, “आये, सा हजार.” बाईचा चेहरा हलला नाही. मी घाईनं म्हणाले, कागदाचे आणि काचेचे तेवढे द्या, पाचशे. तेव्हा मात्र चिडल्या. “कमी कशापायी? त्यांला जेवढ्याला, मला तेवढ्यालाच. येकाच कढईतला खवा शेजारनीला निम्म्यानं आन् परक्याला दुपटीनं इकला, तर माझ्या भट्टीवर उद्या कुत्रं तरी यील का?”

मी विचारलं, मग त्या पन्नास जणांना काय सांगू? त्यांना वाटतंय पन्नासच आहेत. यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं शाळेत मी पोरांकडं बघते.

“सांगायचं की खरं. दूध पातळ लागलं की आमी सांगून इकतो, आज हलका हाय. घ्यायचा त्यो घेतो, न्हाय त्यो जातो. गेल्याला दुसऱ्या दिशी परत येतोय. न सांगता इकल्याला येत न्हाय.”

हर्षाली, तू आणि मी पाच वर्षं कला महाविद्यालयात घालवली. प्रती किती काढाव्यात, आकडा कुठं लिहावा, ठसा कसा रद्द करावा, सगळं शिकलो. चित्रातल्या माणसाचं त्यात काय, हे कुणी शिकवलं नाही, आणि आपण विचारलंही नाही. तू प्रमाणपत्रं केलीस, मी आकडे घातले, आणि आपल्याला वाटलं व्यवहार चोख आहे. पन्नास जणांपुरता चोख होताच.

आता करायचं काय ते लिहिते. तुला विचारून नव्हे, पण तुझ्या आधी कुणाला कळवूनही नव्हे.

विकत घेणाऱ्या सगळ्यांना मी पत्र लिहिलंय, डॉक्टरांनाही. त्यात इतकंच आहे: “पन्नास म्हणून सांगितल्या होत्या, एक्कावन्न आहेत. एक्कावन्नावी ज्यांचं चित्र आहे त्या विठाबाईंनी विकत घेतली आहे. ती परत घेतली जाणार नाही आणि फाडलीही जाणार नाही. फाडल्याचा फोटो खोटा होता, तो मी काढला, विक्रेत्या हर्षाली यांना ते माहीत नव्हतं. तुमची प्रत परत करायची असेल तर पूर्ण रक्कम माझ्याकडून मिळेल.” नावं आणि पत्ते तुझ्याकडं आहेत. पाकिटं मी पाठवतेय, वर पत्ते तू घाल. घालायचे नसतील तर यादी पाठव, मी घालते. किती जण परत करतील माहीत नाही. सगळ्यांनी केल्या तर मी भूमला खासगी शिकवण्या घेईन, मला काही होत नाही.

नऊ मार्चचं प्रदर्शन ठेवायचं की नाही हे तुझं. तुझी सही माझ्यामुळं दोनदा खोटी पडली. तिसऱ्यांदा तू माझ्यासाठी सही करावीस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? नको म्हणालीस तर मला वाईट वाटेल, भरपूर वाटेल, पण तुझं चुकलं असं मी कुणालाही सांगणार नाही.

तरी एक सही मागायचीच आहे, आणि ती माझ्यासाठी नाही.

रविवारी मावशींनी चित्र माझ्यासोबतच परत पाठवलं, मंगळवारी रणधीर पाकीट देऊन गेला. पैसे पूर्ण आहेत. मी चित्र त्याच्या हातात द्यायला गेले तर त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, “आये म्हनली, त्यो कागद असतोय तसला, बाकीच्यांला दिल्याला, त्यो आल्याबिगर चित्र आनू नगंस.” प्रमाणपत्र गं. मी म्हणाले ते पुण्याहून येतं, वेळ लागेल. तो म्हणाला, “लागू द्या. पर आमाला पक्कं करून पायजे. परत कुनी स्टूल घिऊन याया नगं.”

म्हणून, जसं पन्नास जणांना दिलंस तस्संच एक कर. त्याच कागदावर, तोच शिक्का. प्रत क्रमांक एक्कावन्न. किंमत रुपये सहा हजार, पोचले. नाव पूर्ण घाल: श्रीमती विठाबाई गोरोबा हुंबे. आणि चित्रातल्या बाई, मॉडेल, असलं काही लिहू नकोस. खरेदीदार एवढंच लिही.

तोवर चित्र माझ्याकडं आहे. म्हणजे दुसऱ्याचं, पूर्ण पैसे देऊन घेतलेलं चित्र मी घरात ठेवून बसले आहे. लवकर पाठव.

शिवकन्या